इंजिनाच्या आवाजावरून निदान

इंजिनाच्या आवाजावरून निदान : बरीच वर्षे वापरलेल्या मोटारीच्या इंजिनातून नेहमीपेक्षा वेगळा आवाज येऊ लागला, की तो कोणत्या भागाचा आहे आणि तो भाग कितपत झिजला आहे हे इंजिन न खोलता ठरविण्याची रीत. या नोंदीत एक-दीड लाख किमी. किंवा त्याहून जास्त चाललेल्या, घरच्या वापरातील लहान पेट्रोल व डिझेल मोटारींचा विचार केला आहे.

इंजिनातील फिरत्या भागांमध्ये तेलाचा थर राहावा म्हणून मुळातच बारीक फट ठेवलेली असते. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाच्या बेअरिंगमध्ये ती लहान मोटारीत साधारण ०.०२ ते ०.०५ मिमी. असते. झिजेने फट वाढते, तेलाचा थर तुटतो आणि धातू धातूवर आपटू लागतो. बहुतेक यांत्रिक आवाजांचे मूळ एवढेच. अडचण अशी की आवाज जिथे उमटतो तिथेच ऐकू येत नाही. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मी. जातो, तर पोलाद आणि ॲल्युमिनियममध्ये पाच हजार मी.हून अधिक, त्यामुळे खालच्या क्रँकजवळचा ठोका क्षणात हेडपर्यंत पोहोचतो आणि बॉनेट उघडून उभ्या असलेल्या माणसाला तो वरूनच येतोय असे वाटते.

मालक गॅरेजमध्ये येऊन ‘खडखड येते’ एवढेच सांगतो. सैल टॅपेट, साखळी, सायलेन्सरवरचा पत्रा, एसीचा कॉम्प्रेसर, फाटलेले फाउंडेशन (इंजिनाखालची रबरी बैठक) यांपैकी कशाचेही वर्णन खडखड असे करता येते. म्हणून जाणता मेकॅनिक आवाजाचे वर्णन फारसे मनावर घेत नाही. तो विचारतो, सकाळी पहिल्या स्टार्टला येतो का? गाडी तापल्यावर राहतो की जातो? रेस दिल्यावर वाढतो की रेस सोडल्यावर? चढावर येतो की सपाटीवरही? आवाज केव्हा येतो या माहितीला तो कसा आहे यापेक्षा कितीतरी जास्त किंमत आहे, आणि ही माहिती फक्त रोज गाडी चालवणाऱ्याकडेच असते.

ताल : चार-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. आयडलिंगला क्रँक मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर सेकंदाला तेरा-साडेतेरा फेरे होतात आणि एक व्हॉल्व्ह सेकंदाला सहा-सात वेळा उघडतो. त्यामुळे वरच्या भागातील आवाज संथ, मोजता येण्याजोगा टकटक असा असतो, तर क्रँकच्या तालावरचा आवाज दुप्पट भरभर येतो. डिस्ट्रिब्यूटर असलेल्या जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत यासाठी टायमिंग लाइट वापरता येतो. एका प्लगच्या वायरीला लावलेला दिवा क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा लुकलुकतो. लुकलुकण्याबरोबर एक ठोका आला तर संशय वर, दोन आले तर खाली. मात्र ज्वलनाचा धक्का बसल्यावरच जोरात वाजणारे खालचे भागही दोन फेऱ्यांतून एकदाच ऐकू येऊ शकतात, तेव्हा नुसत्या मोजणीवर निकाल देऊ नये.

आधी बाहेरचे तपासावे : इंजिन खोलण्याचा सल्ला घेऊन परतलेल्या कितीतरी गाड्यांचा आवाज इंजिनाच्या आतला नसतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि मॅनिफोल्ड यांवरचा उष्णतारोधक पत्रा गंजून सुटतो आणि ठराविक रेसला झणझणतो. थंड गाडीत तो हाताने हलवून पाहिला की उलगडा होतो. एसी बंद करून आवाज गेला तर कॉम्प्रेसर किंवा त्याचा क्लच. क्लचचे पेडल दाबल्यावर आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग. दाबल्यावर थांबला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे बेअरिंग. बाहेरचा पट्टा किंचाळत असेल तर चालू इंजिनावर, हात व कपडे दूर ठेवून, त्याच्या दातेरी बाजूला थोडे पाणी फवारतात. आवाज क्षणभर जाऊन परत आला तर पुली एका रेषेत नाहीत. वाढला तर पट्टा घसरतोय, म्हणजे ताण कमी आहे. अल्टरनेटर, आयडलर किंवा वॉटर पंप यांच्या बेअरिंगची घरघर ओळखायला पट्टा उतरवून इंजिन काही सेकंद चालवतात. घरघर गेली तर दोष पट्ट्यावरच्या भागांत आहे. अशा वेळी बॅटरी चार्ज होत नाही आणि काही गाड्यांत पाणीही फिरत नाही, म्हणून ही चाचणी काही सेकंदांचीच.

मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून होणारी गळती फसवी असते. तिचा टिकटिक आवाज हुबेहूब टॅपेटसारखा. सकाळी जास्त, गाडी तापून धातू फुगला की कमी. फरक सांगतो तो काजळीचा डाग. सांध्याजवळ काळा पंखा उमटला असेल तर टॅपेटला हात लावायची गरज नाही. डिझेलमध्ये इंजेक्टरखालचे वॉशर गेले तर अशीच गळती होऊन फुसफुस येते आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर बसतो.

टॅपेट : व्हॉल्व्ह आणि रॉकर यांमधील फट मुद्दाम ठेवलेली असते, कारण तापल्यावर व्हॉल्व्ह लांबतो. मुंबईच्या टॅक्सीतळांवर एके काळी अनेक दशके दिसलेल्या प्रीमियर पद्मिनीत (१,०८९ घसेमी.; कारखाना कुर्ल्याला) फीलर गेज घालून टॅपेट लावणे हे नेहमीच्या सर्व्हिसिंगचे काम होते. हलका टकटक आवाज करणारे टॅपेट तितकेसे वाईट नसते. वाईट असते ते अजिबात आवाज न करणारे. सीएनजीवर चालणाऱ्या पेट्रोल गाड्यांत व्हॉल्व्ह हळूहळू आपल्या सीटमध्ये रुततो, फट कमी होत जाते आणि इंजिन दिवसेंदिवस शांत होते. मालक खूश असतो. फट संपली की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, गरम वायू कडेने निसटतो, व्हॉल्व्ह जळतो आणि एक सिलिंडर मिसिंग करू लागतो. पुण्या-मुंबईकडच्या सीएनजी गाड्यांत, टॅपेट हाताने लावायचे असतील तर, आवाज आला नाही तरी फट मोजून घेणे शहाणपणाचे.

हायड्रॉलिक टॅपेटमध्ये फट तेलाच्या दाबाने आपोआप भरते. रात्रभर उभ्या गाडीत तेल खाली उतरते, म्हणून सकाळी दोन-चार सेकंद टकटक होऊन थांबली तर चिंता नाही. गाडी पुरती तापल्यावरही ती राहिली तर तेलाची पातळी, तेलाची प्रत आणि तेलाचा दाब याच क्रमाने पाहावे. हलक्या प्रतीच्या फिल्टरमध्ये तेल मागे जाऊ न देणारी रबरी झडप नीट काम करत नाही, आणि केवळ त्यामुळे सकाळचा खडखडाट लांबतो. चांगला फिल्टर बसवल्यावर तो जातो हे अनेकांना खरे वाटत नाही.

टायमिंगची साखळी : भारतातील जुन्या डिझेल मोटारींत हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे. फियाटचे १.३ मल्टिजेट (१,२४८ घसेमी., चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह) हे इंजिन स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एर्टिगा, इंडिका व्हिस्टा, मांझा, पुंटो, लिनिया अशा परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांच्या गाड्यांत बसले. पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या कारखान्यातही ते तयार होत असे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ निकष लागू होईपर्यंत या गाड्यांतून ते गेले होते. म्हणजे आज रस्त्यावर असलेले असे प्रत्येक १.३ मल्टिजेट जुने आहे आणि त्यांपैकी पुष्कळ दीड-दोन लाख किमी.च्या पुढचे आहेत.

या इंजिनात कॅमशाफ्ट साखळीने फिरतो आणि साखळीचा ताण तेलाच्या दाबावर चालणारा टेन्शनर राखतो. साखळी ताणली असे म्हणण्याची पद्धत आहे; प्रत्यक्षात पोलादी कड्या लांबत नाहीत, दर कडीतली पिन आणि बुश झिजतात आणि त्या सूक्ष्म झिजांची बेरीज मिलिमीटरांत जाते. डिझेलच्या तेलात काजळी मिसळते, ती घासते. तेल उशिरा बदलले तर झीज आणखी वेगाने होते. लक्षणे पायरीपायरीने वाढतात. प्रथम थंड स्टार्टला एक-दोन सेकंद, टेन्शनरमध्ये दाब येईपर्यंत, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज इंजिनाच्या साखळीकडच्या टोकाला येतो. मग तो लांबतो. पुढे गरम गाडीतही रेस सोडताना ऐकू येतो. या टप्प्यापर्यंत टेन्शनरचा पल्ला संपत आलेला असतो. स्कॅनर लावला तर क्रँक आणि कॅम यांची सांगड चुकल्याचा पी ००१६ हा कोड मिळू शकतो, पण कोड नाही म्हणून साखळी चांगली असे मानू नये. साखळीने दात सोडला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीच्या आसपास जातो. बदलताना साखळी, टेन्शनर, गाइड आणि दातेरी चक्रे एकत्र बदलावीत. झिजलेल्या चक्रावर नवी साखळी चढवणे म्हणजे तेच काम थोड्या दिवसांनी पुन्हा काढणे.

मारुती ८०० सारख्या, साखळीऐवजी पट्टा असलेल्या इंजिनात ही पूर्वसूचना बहुधा मिळतच नाही. रबरी पट्टा मुकाट तुटतो, म्हणून तो किमी. आणि वर्षे पाहून बदलायचा.

खालचे आवाज : पिस्टनची थाप हा जुन्या इंजिनातला त्यातल्या त्यात सोसण्याजोगा आवाज. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगते. त्यामुळे बिडाच्या बोअरमध्ये थंड असताना सैल असलेला पिस्टन तापल्यावर बसतो आणि थाप थांबते. ती सकाळी एक-दोन मिनिटांत जात असेल, गाडी ऑइल पीत नसेल आणि धूर नसेल तर अशी गाडी वर्षानुवर्षे चालते. मोठ्या टोकाचे बेअरिंग याच्या नेमके उलट वागते. गाडी तापली, तेल पातळ झाले की त्याचा ठोका वाढतो. रेस स्थिर धरून किंचित सोडली की तो स्पष्ट, ठणठणीत येतो. मेन बेअरिंगचा ठोका आणखी खोल असतो आणि भाराखाली, गाडी उचलताना, पायांखाली जाणवतो.

कोणत्या सिलिंडरचा दोष हे शोधायला पेट्रोल गाडीत एकेका सिलिंडरची ठिणगी क्षणभर बंद करतात. ठोका मवाळ झाला तर तोच रॉड. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टर जाळते, म्हणून हे फार वेळ करू नये. जुन्या ॲम्बॅसडरसारख्या डिझेलमध्ये इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करून हीच चाचणी होई. कॉमन रेल इंजिनात हे मुळीच करू नये. तिथे दाब हजार बारच्या पुढे जाऊ शकतो आणि निसटलेली डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते. त्या गाड्यांत हेच काम स्कॅनरने होते.

नॉकिंग किंवा पिंगिंग हा आवाज यांत्रिक झिजेचा नाही. घरची पाच माणसे आणि सामान घेऊन खंबाटकीचा घाट चौथ्या गिअरमध्ये ओढत नेला, की पेट्रोल गाडीत जो काचेच्या गोट्यांसारखा आवाज येतो तो अवेळी पेटलेल्या मिश्रणाचा. गिअर खाली टाकला की जातो. साठलेला कार्बन, ठिणगीचा पुढे गेलेला टायमिंग किंवा कमी ऑक्टेनचे इंधन ही त्याची नेहमीची कारणे.

साधने : मेकॅनिकचा स्टेथोस्कोप स्वस्तात मिळतो, तो नसेल तर लांब स्क्रू ड्रायव्हर पुरतो. मूठ कानाच्या पुढच्या हाडावर टेकवायची आणि टोक एकेका ठिकाणी ठेवत जायचे : व्हॉल्व्ह कव्हरचा बोल्ट, साखळीचे कव्हर, अल्टरनेटरची बॉडी, ब्लॉकची कड, शेवटी ऑइल पॅन. आवाज कुठे आहे यापेक्षा दोन जागांपैकी कुठे जास्त आहे हे पाहायचे. फिरता पट्टा आणि पंखा यांपासून शर्टाची बाही दूर ठेवावी. फोनवर रेकॉर्ड करून पाठवलेल्या आवाजाचा उपयोग मर्यादित आहे. फोन माणसाचे बोलणे टिपण्यासाठी बनवलेला असतो, आणि एकसुरी आवाजाला तो गोंगाट समजून दाबतो.

तेल मात्र खोटे बोलत नाही. गरम इंजिनाचे तेल स्वच्छ ट्रेमध्ये काढून उन्हात धरले तर झिजलेल्या बेअरिंगची चमक दिसते. लोहचुंबक फिरवल्यावर जे चिकटते ते लोखंड. जे तरंगत राहते आणि तांबूस चमकते तो बेअरिंगचा आतला थर, म्हणजे वरचा मऊ थर केव्हाच गेला आहे. फिल्टर कापून त्याचा कागद उलगडला तर हेच अधिक नीट कळते. दाबासाठी डॅशबोर्डच्या दिव्यावर विसंबू नये. तो साधारण अर्ध्या बारच्या आसपास पेटतो. तोवर बरेच बिघडलेले असते. स्विचच्या जागी मीटर जोडून गरम इंजिनावर दाब मोजावा.

जुनी गाडी विकत घेताना : आवाज झाकण्याचा नेहमीचा उपाय म्हणजे घट्ट तेल. ५डब्ल्यू-३० लागणाऱ्या इंजिनात २०डब्ल्यू-५० भरले की ठोका काही दिवस मंदावतो. दुसरा उपाय त्याहून सोपा. गिऱ्हाईक येण्याआधी गाडी तापवून ठेवायची, म्हणजे साखळी, टॅपेट आणि पिस्टन तिघेही गप्प. म्हणून बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री करून मगच किल्ली फिरवायला सांगावे, आणि नंतर गाडी अर्धा तास चालवून बेअरिंगचे ऐकावे. खालचा ठोका नक्की झाला असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये, टो करून न्यावी. क्रँकवर ओरखडे उमटण्याआधी थांबले तर नुसत्या बेअरिंगवर काम भागते. उमटल्यावर क्रँक घासून ०.२५ मिमी. कमी मापाचा करावा लागतो आणि त्या मापाची बेअरिंग घालावी लागतात.