कर्ब, उज्ज आणि बहुवारिक

मराठीच्या प्राध्यापकाने रसायनशास्त्राच्या शिक्षकाच्या स्मरणार्थ बोलावे, यात काही श्रोत्यांना औचित्यभंग वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्यांच्या नावे ही व्याख्यानमाला चालते त्या सरांचा आणि माझा अनेक वर्षांचा वाद एकाच गोष्टीवरून होता आणि ती गोष्ट भाषेचीच होती. दहावीच्या वर्गात ‘हायड्रोकार्बन’ आणि ‘समावेशन बहुवारिकीकरण’ हे दोन शब्द फळ्यावर लिहिले की मुलांच्या चेहऱ्यावर जी छाया पडते ती कर्बाची की मराठीची, असे ते मला विचारीत. त्या प्रश्नाचा थोडा ऐतिहासिक मागोवा घ्यावा एवढाच आजचा हेतू आहे.

मराठीत रसायन लिहिण्याची परंपरा आपल्यापासून दूर नाही. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकविणारे बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७-१९०६) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रसायन, पदार्थविज्ञान अशा विषयांवर मराठीत ग्रंथामागून ग्रंथ लिहिले. हाच मनुष्य इतिहासही लिहीत होता, हे आजच्या विषयवार कप्प्यांत वाढलेल्या पिढीला नवल वाटावे असे आहे. त्या काळापासून पुढे मराठीत जे शब्द रुळले त्यांत कार्बनला ‘कर्ब’, हायड्रोजनला ‘उज्ज’, नायट्रोजनला ‘नत्र’ आणि ऑक्सिजनला ‘प्राणवायू’ असे म्हणत. यांतील उज्ज केव्हाच विझला. नत्र शेतकऱ्याने खताच्या पोत्यावर जिवंत ठेवला. प्राणवायू वर्तमानपत्रांनी सांभाळला. पण २०२१ च्या उन्हाळ्यात घरोघर जो शब्द धास्तीने उच्चारला गेला तो ‘ऑक्सिजन’ हाच होता.

दाते आणि कर्वे यांचा ‘शास्त्रीय परिभाषा कोश’ १९४८ साली निघाला. १९६० नंतर महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने विषयवार कोश सिद्ध केले, १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, आणि १९७६ पासून विश्वकोशाचे खंड येऊ लागले. या सर्व खटाटोपाची चेष्टा करणे सोपे आहे. मी ती कधी केली नाही, कारण कोशकारांनी किती ठिकाणी मूळ इंग्रजी शब्दाहून नेमका शब्द दिला हे मी पाहिले आहे. ‘कर्बोदक’ घ्या. कार्बोहायड्रेट म्हणजे कर्ब आणि उदक. पूर्वीच्या रसायनज्ञांना साखर व पिष्ट ही कर्ब आणि पाणी यांची संयुगे वाटली म्हणून ते नाव पडले. मराठी शब्दात ही सारी हकीकत साठवलेली आहे. उलट ‘हायड्रोकार्बन’ म्हणजे केवळ हायड्रोजन आणि कार्बन यांचे संयुग. त्यात पाणी नाही, प्राणवायू नाही. इंग्रजीत ही दोन नावे एकमेकांची उलटापालट वाटतात आणि मुले हमखास गोंधळतात. मराठीत एकाला कर्बोदक म्हटले आणि दुसऱ्याला हायड्रोकार्बनच राहू दिले, तर गोंधळाला जागाच उरत नाही. परका शब्द ठेवण्यातही कधी कधी शहाणपण असते ते असे.

हायड्रोकार्बनांचे दोन वर्ग. ज्यात कर्बाच्या अणूंमध्ये एकेरीच बंध आहेत ते संपृक्त, आणि ज्यात दुहेरी वा तिहेरी बंध आहेत ते असंपृक्त. मराठीत याच अर्थाने ‘तृप्त’ आणि ‘अतृप्त’ हेही शब्द वापरले गेले आहेत. मला स्वतःला तेच अधिक भावतात. ‘संपृक्त’ हा शब्द मीठ विरघळेनासे झालेल्या द्रावणालाही लागतो, त्यामुळे एका शब्दावर दोन ओझी पडतात. अतृप्त म्हटले की मुले हसतात, त्यांना पिंपळावरचा आत्मा आठवतो, हसू द्यावे. दुहेरी बंधाच्या रेणूची वृत्ती काहीशी तशीच असते. तो दुसऱ्याला धरावयास टपलेला असतो. १९३७ पासून बाजारात आलेला डालडा हे त्याचे घरगुती उदाहरण. तेलातील अतृप्त बंधांमध्ये निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन सामावून घेतला की पातळ तेल घट्ट होते. त्यात काही बाहेर पडत नाही, जे येते ते आत सामावते. म्हणून ‘समावेशन’.

आता बहुवारिक. इंग्रजीतील ‘पॉलिमर’ हा शब्द स्वीडनच्या बर्झीलियसने १८३३ च्या सुमारास ग्रीक भाषेतून घडविला; त्याचा अर्थ ‘अनेक भागांचा’. त्याच्या मनात आजचे प्लॅस्टिक नव्हते. घटकांचे प्रमाण एकच, पण रेणुभार मात्र पटीत, अशा संयुगांसाठी त्याने तो योजला. लांबच लांब साखळीचा प्रचंड रेणू असू शकतो हे हर्मान स्टाउडिंगरने १९२० साली मांडले तेव्हा त्याच्या समव्यवसायींनी त्यावर विश्वास ठेवला नाही. नोबेल पारितोषिक मिळायला १९५३ उजाडले. आमच्या कोशकारांनी ‘भाग’ सोडून ‘वार’ धरला. एकवार, बहुवार, पुन्हा पुन्हा. ग्रीक शब्द वस्तूचे वर्णन करतो, मराठी शब्द घटनेचे करतो. हे जाणून केले की सहज घडले, कोण जाणे. मात्र इथिलीनची साखळी कशी होते हे सांगताना हा ‘वार’ फार उपयोगी पडतो.

सर ती साखळी फुगडीने शिकवीत. वेंगुर्ला रस्त्याने सायंकाळी फिरताना त्यांनी मला ती समजावून दिली. इथिलीनमध्ये कर्बाचे दोन अणू आहेत. प्रत्येकाला चार हात. दोन हात हायड्रोजनांनी धरलेले, उरलेले दोन परस्परांत गुंतलेले. म्हणजे दोघीजणी फुगडी घालीत आहेत. अंगणात अशा शंभर जोड्या फिरत आहेत आणि कोणी कोणाकडे पाहत नाही. इतक्यात बाहेरची एकजण येते आणि एका जोडीतील एकीचा हात ओढते. फुगडी सुटते, पण दोघींनी धरलेला एक हात तसाच राहतो. दुसरीचा एक हात मोकळा झालेला असतो. ती तो हात शेजारच्या जोडीत घालते, तीही फुगडी सुटते, आणि बघता बघता अंगणभर एक लांब रांग होते. जितक्या पोरी फुगडीत होत्या तितक्याच रांगेत आहेत. कोणी घरी गेली नाही. नायलॉन होताना मात्र प्रत्येक जोडणीला पाण्याचा एक रेणू निसटतो. तो निराळा खेळ, त्याला ‘संघनन’ म्हणतात. ‘इथिलीनचे समावेशन बहुवारिकीकरण होऊन पॉलिइथिलीन मिळते’ हे वाक्य परीक्षेत बरोबर आहे, आणि त्यातून मुलाला काहीही कळत नाही. सुटणे, धरणे, सामावणे, गुंफणे ही क्रियापदे मराठी असली की नामे कोणत्या मुलखाची आहेत याला फारसे महत्त्व राहत नाही. आमच्या वादात मी अखेर या मताला आलो.

ही रांग पहिल्यांदा प्रत्यक्ष दिसली ती १९३३ च्या मार्चमध्ये, इंग्लंडात विनिंग्टन येथे. फॉसेट आणि गिब्सन हे दोघे इथिलीनला दुसऱ्याच एका पदार्थाशी सुमारे दोन हजार वातावरणांच्या दाबाखाली संयोग पावायला लावीत होते. तो संयोग झाला नाही. भांड्यात पांढरा मेणचट थर तेवढा सापडला. पुन्हा करू जाता स्फोट झाला. डिसेंबर १९३५ मध्ये भांडे गळू लागले, म्हणून वरून आणखी इथिलीन सोडावे लागले, आणि त्यात प्राणवायूचा लेश होता. अंगणात बाहेरून येणारी ती एकजण हीच. १९३९ साली उत्पादन सुरू झाले आणि महायुद्धात रडारच्या तारांवर त्याचे वेष्टण चढले.

भारतात पॉलिइथिलीन १९५९ साली बंगालमधील रिश्रा येथे होऊ लागले ते खनिज तेलापासून नव्हे, अल्कोहोलपासून. अल्कोहोलातील पाणी काढून घेतले की इथिलीन उरते. उसाच्या मळीपासून अल्कोहोल, अल्कोहोलपासून इथिलीन हा मार्ग संकेश्वर-निपाणीच्या मुलाला सांगितला तर त्याला रसायन आपल्या बांधावर आल्यासारखे वाटेल. पुढे १९६६ साली तुर्भ्यात आणि १९६८ साली ठाण्याच्या खाडीपलीकडे नॅफ्था फोडून इथिलीन करणारे कारखाने उभे राहिले. १९७४ साली मुंबईच्या समुद्रात तेल सापडले. तेथील वायूपासून इथिलीन करण्यासाठी नागोठण्याचे संकुल झाले. ५ नोव्हेंबर १९९० रोजी तेथे वायू गळून स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ‘हायड्रोकार्बन ज्वलनशील असतात’ या पाठ्यपुस्तकी वाक्यामागे असे दिवस आहेत, हेही मुलांच्या कानावर घालावे.

आमच्या भागापाशीच आणखी एक उदाहरण आहे. चंदगड आणि बेळगावच्या काजू कारखान्यांत टरफलापासून जे काळपट तेल निघते, त्याच्या रेणूला पंधरा कर्बांची एक शेपटी असते आणि तीत एक, दोन वा तीन अतृप्त बंध असतात. त्या बंधांनी रेणू एकमेकांत गुंततात आणि तेल घट्ट होत जाते. मोटारींच्या ब्रेकच्या अस्तरात त्याचा राळेसारखा उपयोग होतो. परटाचा बिब्बा याच कुळातला. हे शुद्ध हायड्रोकार्बन नव्हेत, हे सरांनी मला बजावून सांगितले होते, म्हणून येथे नमूद करतो.

भाषेचा प्रश्न या गावाला मी समजावून सांगावा अशी स्थिती नाही. येथील हुतात्मा स्मारकावरून आपण रोज जाता. मला दिसते ते लहान, व्यवहारातले दुखणे आहे. हिंडलग्यापासून त्याच रस्त्याने पुढे गेले की शिनोळी लागते आणि राज्य बदलते. शिनोळीच्या दहावीतील मुलाच्या हाती बालभारतीचे २०१८ साली आलेले पुस्तक असते. ‘कार्बनी संयुगे’ या पाठात बहुवारिके आहेत, पॉलिइथिलीन, पॉलिस्टायरीन, टेफ्लॉन यांचा तक्ता आहे. आपल्याकडील मुलगा मराठीतच शिकतो, पण कर्नाटकाने राष्ट्रीय परिषदेचा अभ्यासक्रम घेतल्यामुळे त्याच्या कर्बाच्या पाठात समावेशन येते ते तेलात हायड्रोजन मिसळण्यापुरते; साखळीपर्यंत पाठ जात नाही. पुढे पदवीपूर्व वर्गात तीच साखळी त्याच्यासमोर इंग्रजीतून येऊन उभी राहते. त्याला शब्द नवा, भाषा नवी आणि कल्पनाही नवी असते. यांपैकी निदान कल्पना तरी त्याला दहावीत मराठीतून मिळालेली असावी. अभ्यासक्रमात नसली म्हणून फुगडीला बंदी नाही.

आणि कन्नडचेही साहाय्य घ्यावे. कन्नडमध्ये हायड्रोजनला ‘जलजनक’ आणि ऑक्सिजनला ‘आम्लजनक’ म्हणतात. मूळ ग्रीक अर्थाशी हे शब्द प्राणवायूपेक्षा अधिक इमानी आहेत, लाव्हाझिएची सर्व आम्लांत ऑक्सिजन असतो ही चुकीची समजूतसुद्धा त्यांनी इमानाने उचलली आहे. कर्बाला कन्नडमध्ये ‘इंगाल’ म्हणतात. आपल्या आज्या चुलीतल्या ज्या निखाऱ्याला ‘इंगळ’ म्हणत, त्याचेच हे सख्खे भावंड. दोघेही संस्कृत ‘अंगार’ शब्दाची लेकरे. शाळेच्या प्रयोगशाळेत एक तक्ता लावावा, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन रकान्यांचा, आणि त्याची पहिली ओळ कर्ब, इंगाल, कार्बन अशी असावी, एवढी विनंती मी मुख्याध्यापकांना करतो.