मैदान गाजवले म्हणून माइक मिळावा का? तल्यारखान, विझी आणि बेनॉ (थ्रेड)

निवृत्त खेळाडूला समालोचनाच्या खुर्चीत पाहण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की त्याची पात्रता कुणी विचारतही नाही. भारतात मात्र या परंपरेचा आरंभ नामांकित क्रिकेटपटूने केलेला नाही.

१९३० च्या दशकात मुंबईच्या चौरंगी सामन्यांचे धावते वर्णन रेडिओवरून करणारे ए. एफ. एस. तथा बॉबी तल्यारखान कसोटी क्रिकेट कधीही खेळले नव्हते. दिवसभर ते एकटेच बोलत. श्रोत्यापुढे चित्र नसे. क्षेत्ररक्षक कुठे उभा आहे, चेंडू कुठे गेला, प्रेक्षक का ओरडले, सारे शब्दांतूनच उभे करावे लागे. हे कसब नेटमधल्या सरावाने येत नाही.

१९४८-४९ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ आला, तेव्हा ऑल इंडिया रेडिओने एकाऐवजी अनेक समालोचक नेमायचे ठरवले. माइक वाटून घेणे तल्यारखानांना रुचले नाही. ते बाहेर पडले. (हट्टी माणूस, पण आपल्या कलेची किंमत ओळखून असलेला.)

आता दुसरे टोक. विजयनगरमचे महाराजकुमार, म्हणजेच ‘विझी’, १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात भारताचे कर्णधार होते. ३ कसोटी, ६ डाव, एकूण ३३ धावा. कर्णधारपद त्यांच्याकडे आले ते दरबारी वजनामुळे. लाला अमरनाथांना दौऱ्यातून परत पाठवण्याचे प्रकरणही याच काळातले. पुढे हेच विझी समालोचक झाले. त्यांनी शिकारीच्या गप्पा मारताच रोहन कन्हायने विचारले म्हणे, वाघाला गोळीने मारलेत की आपले समालोचन ऐकवून? किस्सा खरा असो वा रचलेला, त्यांच्या समालोचनाची ख्याती त्यातून कळते. ‘माजी कर्णधार’ या बिरुदाने माइक मिळतो, श्रोता मिळत नाही.

मग खेळाडू नकोच का? असेही नाही. विजय मर्चंट जेमतेम १० कसोटी खेळले, पण प्रथम श्रेणीतील त्यांची सरासरी ७१.६४ आहे. अशा माणसाने तंत्राविषयी बोलावे आणि आपण ऐकावे, हे रास्तच.

माझ्या मते निर्णायक उदाहरण रिची बेनॉ यांचे. ६३ कसोटी, त्यांपैकी २८ मध्ये कर्णधार. तरीही त्यांनी नावावर भिस्त ठेवली नाही. १९५६ चा इंग्लंड दौरा संपल्यावर ते लंडनमध्ये थांबले आणि बीबीसीचे दूरचित्रवाणी प्रशिक्षण घेतले. सिडनीच्या वृत्तपत्रात बातमीदारी केली. १९६४ मध्ये निवृत्त होईपर्यंत दुसरी उमेदवारी पूर्ण झाली होती.

त्याचे फळ १ फेब्रुवारी १९८१ रोजी मेलबर्नला दिसले. न्यूझीलंडला बरोबरी साधण्यासाठी शेवटच्या चेंडूवर ६ धावा हव्या असताना ग्रेग चॅपेलने धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, चेंडू जमिनीवरून सरपटत टाकायला लावला. बेनॉ यांनी आपल्याच देशाच्या कर्णधाराचा त्याच दिवशी दूरचित्रवाणीवरून जाहीर निषेध केला. ते कर्णधार होते म्हणून त्या शब्दांना धार आली. पण ते उच्चारायचे धैर्य कर्णधारपदाने दिले असे म्हणता येत नाही.

अर्थात बेनॉही सर्वस्वी अलिप्त नव्हते. १९७७ च्या केरी पॅकर यांच्या बंडखोर मालिकेचे ते सल्लागार होते.

आपल्याकडे पुढे क्रिकेट मंडळानेच काही माजी खेळाडूंशी समालोचनाचे थेट करार केले. आणि २०१६ मध्ये, कसोटी न खेळलेले हर्षा भोगले आयपीएलच्या समालोचन कक्षातून अचानक बाहेर काढले गेले. कारण आपल्याला कुणी सांगितले नाही, असे त्यांनी स्वतः जाहीरपणे लिहिले होते.