निआर्कसचे आरमार आणि अरबी समुद्रातील देवमासे

इ.स.पू. ३२५. सिंधूच्या मुखातून निघालेले एक ग्रीक आरमार मकरानच्या किनाऱ्याने पश्चिमेकडे चालले होते. पहाटेच्या वेळी खलाशांना दिसले की समोर समुद्राचे पाणी जणू वावटळीने उचलल्यासारखे आकाशात उडते आहे. निम्मे जग पालथे घातलेल्या त्या माणसांच्या हातांतून वल्ही गळून पडली.

या आरमाराचा प्रमुख होता निआर्कस. क्रीट बेटावरचा, अलेक्झांडरचा तरुणपणापासूनचा मित्र. भारतातून परतताना अलेक्झांडरने सैन्याचा मोठा भाग स्वतःबरोबर गेड्रोशियाच्या वाळवंटातून नेला आणि जहाजे निआर्कसच्या हवाली केली. प्रवासाचा आरंभच बिकट झाला. नैऋत्य मोसमी वारे अजून पुरते निवले नव्हते, त्यामुळे आजच्या कराचीच्या आसपास आरमाराला २४ दिवस एका बंदरात अडकून पडावे लागले. निआर्कसने या सफरीचा वृत्तांत लिहिला होता. तो मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही; परंतु इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात एरियनने आपल्या ‘इंडिका’त त्याचा भरपूर उपयोग केला, आणि म्हणूनच ती पहाट आपल्यापर्यंत पोहोचली.

पाणी का उडते आहे, असे निआर्कसने वाटाड्यांना विचारले. ते देवमासे आहेत, समुद्रात फिरताना पाणी वर फुंकतात, असे उत्तर मिळाले. या उत्तराने धीर येण्याऐवजी भीती वाढली. तेव्हा निआर्कस एकेका जहाजाजवळून जात वल्हेकऱ्यांना धीर देऊ लागला. सागरी लढाईत करतात तशी जहाजांची तोंडे शत्रूकडे, म्हणजे देवमाशांकडे, वळवण्याचा त्याने हुकूम दिला. सर्वांनी एका तालात वल्ही मारायची आणि प्रत्येक फटक्यासरशी रणघोष करायचा. जवळ येताच खलाशी घसा फोडून ओरडले, तुताऱ्या वाजल्या, वल्ह्यांनी पाणी घुसळून निघाले. जहाजांच्या नाळेसमोर दिसणारे ते प्रचंड प्राणी खोल बुडाले आणि थोड्या वेळाने आरमाराच्या पाठीमागे वर येऊन पुन्हा शांतपणे फवारे सोडू लागले. खलाशांनी टाळ्या पिटून सेनापतीचा जयजयकार केला.

हे युद्ध एकतर्फी होते, हे सांगायला नकोच. देवमाशांना ते युद्ध वाटले असण्याची शक्यता फार कमी.

यात एक गंमत दडलेली आहे. अलेक्झांडरचा गुरू ॲरिस्टॉटल याने आपल्या प्राणिविषयक ग्रंथांत लिहून ठेवले होते की देवमासे आणि डॉल्फिन हवेत श्वास घेतात, पिलांना जन्म देतात आणि दूध पाजतात. राजाच्या गुरूला हे ठाऊक होते. राजाच्या वल्हेकऱ्यांना मात्र समोरचा फवारा म्हणजे केवळ एका प्राण्याचा उच्छ्वास आहे, हे कोणी सांगितलेले नव्हते.

पुढे इराणच्या किनाऱ्यावर त्यांना एक मेलेला देवमासा जवळून पाहता आला. एरियन त्याची लांबी ५० हात, म्हणजे सुमारे २२-२३ मीटर देतो. त्याच्या कातडीवर शिंपले आणि शेवाळ वाढलेले होते, असेही तो नोंदवतो. हा तपशील महत्त्वाचा आहे. देवमाशांच्या अंगावर खरोखरच शिंपल्यांसारखे कठीण कवचाचे जीव चिकटून वाढतात. कल्पनेने राक्षस रंगवणाऱ्याला हे सुचले नसते.

मकरानच्या किनाऱ्यावर मासळीवर जगणारे लोक राहत. ग्रीकांनी त्यांना ‘मत्स्याहारी’ असेच नाव दिले. त्या उजाड प्रदेशात लाकूड दुर्मिळ. त्यामुळे तेथील सधन लोक किनाऱ्याला लागलेल्या देवमाशांच्या हाडांची घरे बांधत : मोठ्या हाडांच्या तुळया, जबड्याची दारे. ज्या प्राण्याने आरमाराला घाम फोडला, त्याच्याच सांगाड्याखाली इथली माणसे निर्धास्त झोपत होती.

सुमारे बाराशे वर्षांनंतर, इ.स. ८५१ च्या सुमारास, व्यापारी सुलेमानच्या नावाशी जोडलेला एक अरबी वृत्तांत तयार झाला. मान्यखेटच्या राष्ट्रकूट राजाला ‘बलहरा’ म्हणून जगातील थोर राजांत बसवणारा ग्रंथ तो हाच. त्याच्या सुरुवातीच्याच भागात पाठीवर गवत आणि शिंपले वाढलेला, मनोऱ्याएवढा फवारा उडवणारा मासा येतो. तो जहाजावर रेलून ते बुडवेल या भीतीने खलाशी रात्री लाकडी टिपऱ्या बडवीत. तुताऱ्या गेल्या, टिपऱ्या आल्या. उपाय तोच राहिला.

या दोन्हींच्या मधल्या काळात कालिदासाने ‘रघुवंशा’च्या तेराव्या सर्गात पुष्पक विमानातून सीतेला समुद्र दाखवणारा राम रंगवला. तेथील तिमी मासे नदीमुखाचे पाणी जीवजंतूंसह तोंडात घेतात, तोंड मिटतात आणि डोक्यावरील छिद्रांतून पाणी वर सोडतात. गिळलेले पाणी फवाऱ्यातून बाहेर पडत नाही, एवढी चूक सोडली तर दातांऐवजी गाळणी असलेल्या देवमाशाच्या आहाराचे हे वर्णन थक्क करणारे आहे. किनाऱ्यावरच्या कुणाच्या तरी डोळस निरीक्षणाशिवाय ते काव्यात येणे कठीण.

या समुद्रात देवमासे का? नैऋत्य मोसमी वारे ओमानच्या किनाऱ्यालगतचे वरचे पाणी दूर ढकलतात, खालचे थंड, पोषक पाणी वर येते, आणि त्यावर सूक्ष्म जीव आणि मासळी पोसली जाते. ज्या वाऱ्यांनी निआर्कसला अडकवले, तेच देवमाशांचे अन्नदाते. म्हणूनच अरबी समुद्रातील हंपबॅक देवमासे इतर हंपबॅकांप्रमाणे ध्रुवीय समुद्राकडे स्थलांतर करीत नाहीत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ते सुमारे ७०,००० वर्षांपासून इतरांपासून वेगळे आहेत. म्हणजे निआर्कस आला तेव्हा त्यांचे पूर्वज येथेच होते.

१९६० च्या दशकात ‘स्लावा’ आणि ‘सोव्हिएत्स्काया उक्राइना’ ही सोव्हिएत शिकारी जहाजे अंटार्क्टिकाच्या वाटेवर या समुद्रात शिरली. आंतरराष्ट्रीय नियम मोडून त्यांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताजवळ २४२ हंपबॅक मारले. त्यांतील बहुतेक १९६६ च्या एकट्या नोव्हेंबर महिन्यात. खरे आकडे दडवले गेले. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर, १९९७ मध्ये, युरी मिखालेव्ह या जीवशास्त्रज्ञाने ते प्रसिद्ध केले. हे देवमासे वर्षभर याच समुद्रात राहतात, याचा भक्कम पुरावा त्याच नोंदींतून मिळाला : मारलेल्या माद्यांच्या पोटातील गर्भांच्या लांबीवरून आणि जठरांतील अन्नावरून. ओमानच्या किनाऱ्याजवळ आज त्यांची संख्या शंभराहून कमी असल्याचा अंदाज आहे.