नोंद आली कुठून?

अब्बांचे नाव एका कार्यालयाच्या यादीत चुकले होते. 'महंमद'चे 'अहमद' झाले होते. मी विचारले, "ही नोंद आली कुठून?" उत्तर मिळाले, "कॉम्प्युटरमध्ये तसंच आहे." मी बी. ए. झालेला कवी, यंत्राशी संबंध टंकलेखनापुरता. पण हा प्रश्न मनातून जाईना. वाचू लागलो, तेव्हा कळले की तो शास्त्रज्ञांनाही पडला होता.

१९७० साली आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत मांडण्याची पद्धत सुचवली. आजही असंख्य कचेऱ्यांचे डेटाबेस त्याच पायावर उभे आहेत. तिची मोठी सोय अशी, की आपण 'काय हवे' एवढेच विचारायचे. कसे शोधायचे ते यंत्र ठरवते. अनेक तक्ते जुळवून उत्तर येते, पण कोणता तुकडा कुठला, हे वाटेत पुसले जाते.

२००१ साली पीटर ब्युनमन, संजीव खन्ना आणि वांग-च्यू टान यांनी या हरवलेल्या वाटेचे दोन प्रश्न केले. हे उत्तर कोणत्या नोंदींमुळे मिळाले? आणि त्यातले मूल्य नेमके कुठून उचलले? आपल्या सातबारा उताऱ्यावर फेरफार क्रमांक असतो ना, तसेच हे. तो धरून फेरफार नोंदवही उघडली, की नाव खरेदीने लागले की वारसाने, ते कळते.

पण हा क्रमांक लिहायचा कोणी? माणसावर सोपवले, तर विसर पडणारच. एडिंबरा विद्यापीठात फिलिप वॅडलर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली 'लिंक्स' ही प्रोग्रामिंग भाषा मांडली होती. २०१६ साली तिथल्याच श्टेफान फेरेनबाख आणि जेम्स चेनी यांनी ही जबाबदारी त्या भाषेवरच टाकली. अमुक रकान्याचा माग ठेव, एवढे प्रोग्रामरने सांगायचे. मग भाषाच प्रश्नाची फेररचना करते, आणि उत्तरासोबत तक्ता, रकाना, ओळ असा पत्ता येतो. पत्ता असलेले आणि नसलेले मूल्य ती वेगळे मानते; गल्लत केली, तर प्रोग्राम स्वीकारत नाही. मराठीत 'आला' की 'आली' हे ठरवल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. व्याकरण ते विसरूच देत नाही. इथेही तेच.

माग मिळाला म्हणजे नोंद खरी ठरते, असे नाही. चूक कुठे दुरुस्त करायची, एवढे कळते. पण तेही थोडे नाही. अब्बांचे नाव त्या यादीत दुरुस्त झाले. पुढच्या वर्षी नवी यादी आली, तिच्यात पुन्हा 'अहमद'. मूळ चूक जागच्या जागी होती. तिच्यापर्यंत जायला वाटच नव्हती.