इंधन दरवाढ आणि उसाची मळी : भारतातील इथेनॉल मिश्रणाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

नोव्हेंबर १९७३ मध्ये पेट्रोल दरवाढीच्या निषेधार्थ अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसद भवनात आले. अरब-इस्रायल युद्धानंतर खनिज तेलाचे दर काही महिन्यांत सुमारे चौपट झाले होते. त्यानंतर प्रत्येक दरवाढीच्या वेळी ‘पेट्रोलला पर्याय काय?’ हा प्रश्न भारतीय सार्वजनिक जीवनात पुन्हा पुन्हा विचारला गेला. त्याचे एक उत्तर मात्र १९७३ पेक्षा बरेच जुने आहे, ते म्हणजे उसाच्या मळीपासून तयार होणारा मद्यार्क, अर्थात इथेनॉल. पेट्रोल महागले की पर्यायी इंधनाला चालना मिळते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. भारताच्या बाबतीत हे गृहीतक इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पॉवर अल्कोहोल : प्रारंभीचा काळ

१९३२ च्या साखर उद्योग संरक्षण कायद्यामुळे परदेशी साखरेवर जकात बसली आणि देशातील साखर कारखान्यांची संख्या चार-पाच वर्षांत सुमारे तीसवरून एकशे तीसच्या पुढे गेली. साखरेबरोबर मळीचेही उत्पादन वाढले. या मळीला पुरेसे गिऱ्हाईक नव्हते आणि तिची विल्हेवाट हाच कारखान्यांपुढील प्रश्न होऊन बसला. तिचा उपयोग शोधण्यासाठी संयुक्त प्रांत व बिहार सरकारांनी संयुक्त चौकशी समिती नेमली. ‘पॉवर अल्कोहोल’ व मळी यांविषयीचा तिचा अहवाल १९३८ चा आहे. म्हणजेच मद्यार्काचा मोटारीसाठी विचार प्रथम झाला तो पेट्रोलच्या महागाईमुळे नव्हे, तर मळीच्या अतिरिक्त साठ्यामुळे.

दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि तेथील तेलाचा पुरवठा बंद झाला. पेट्रोलचे रेशनिंग आले, कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या बसगाड्या रस्त्यांवर दिसू लागल्या. या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर स्वतंत्र भारतात १९४८ चा भारतीय पॉवर अल्कोहोल कायदा संमत झाला व पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्यास कायदेशीर आधार मिळाला.

कायदा असूनही पर्याय मागे का पडला?

कायदा होऊनही मिश्रण देशव्यापी झाले नाही. याची तीन कारणे संभवतात. पहिले तांत्रिक होते. साध्या ऊर्ध्वपातनाने मिळणाऱ्या मद्यार्कात सुमारे पाच टक्के पाणी राहते. असा मद्यार्क पेट्रोलमध्ये नीट मिसळून राहत नाही. त्यासाठी निर्जल मद्यार्क लागतो आणि तो तयार करण्याचा खर्च वाढतो. दुसरे कारण औद्योगिक होते. १९६० च्या दशकात बरेलीजवळ मद्यार्कापासून कृत्रिम रबर तयार होऊ लागले आणि रसायन उद्योगाकडून त्याला मागणी वाढली. तिसरे कारण प्रशासकीय होते. मळीवर नियंत्रण आदेश होता, पिण्याच्या मद्यावरील कर हे राज्यांच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते, तर औद्योगिक मद्यार्कावर अधिकार केंद्राचा की राज्याचा हा वाद न्यायालयात रेंगाळत राहिला. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यांच्या बाजूने कौल दिला, तेव्हा कुठे या वादाला विराम मिळाला.

१९७३ च्या तेलसंकटाला ब्राझीलने १९७५ मध्ये ‘प्रोआल्कोल’ या राष्ट्रीय कार्यक्रमाने उत्तर दिले. भारतात तसे घडले नाही. बैलगाडीचे दृश्य गाजले, परंतु मळी रसायनांच्या व मद्याच्या कारखान्यांकडेच जात राहिली.

मिरज-मनमाडपासून पुढे

१९४८ चा कायदा २००० मध्ये रद्द करण्यात आला आणि योगायोग असा की, पुढच्याच वर्षी इथेनॉल मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले. त्यांपैकी दोन महाराष्ट्रात, मिरज व मनमाड येथे होते, तर तिसरा बरेली भागात होता. साखर मुबलक होती, सहकारी कारखान्यांची गोदामे भरलेली होती. जानेवारी २००३ पासून नऊ राज्ये व चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्के मिश्रण लागू झाले.

त्याच सुमारास महाराष्ट्रातील ऊस अवर्षण आणि लोकरी मावा अशा दुहेरी संकटात सापडला. देशाचे साखर उत्पादन २००२-०३ मधील सुमारे दोनशे लाख टनांवरून पुढील हंगामात एकशे चाळीस लाख टनांच्या आसपास घसरले. २००४ मध्ये मिश्रणाची सक्ती शिथिल करावी लागली. याच काळात जागतिक बाजारात तेलाचे दर चढत होते, हे येथे विशेष लक्षात घेतले पाहिजे.

पुढे ऊस वाढला, तेव्हा २००६ मध्ये कार्यक्रम वीस राज्यांपर्यंत विस्तारला. जुलै २००८ मध्ये खनिज तेलाने पिंपामागे १४७ डॉलरचा उच्चांक गाठला. पर्यायाची गरज त्या वेळी सर्वाधिक होती. परंतु २००८-०९ च्या हंगामात साखर उत्पादन सुमारे एकशे पंचेचाळीस लाख टनांवर आले आणि इथेनॉलचा पुरवठा अपुरा पडला.

याउलट २०१७-१८ मध्ये विक्रमी साखर उत्पादन झाले, शेतकऱ्यांची ऊसबिले थकली आणि २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने उसाच्या रसापासून थेट इथेनॉल करण्यास वाट मोकळी केली. २०२० मध्ये जागतिक तेलदर कोसळूनही हा कार्यक्रम थांबला नाही. जून २०२२ मध्ये दहा टक्के आणि २०२५ मध्ये वीस टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला गेला. मात्र अपुऱ्या पावसामुळे डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसाच्या वापरावर बंदी घातली व आठवडाभरातच ती अंशतः सैल केली. त्यानंतर मका हा इथेनॉलचा प्रमुख स्रोत ठरला.

ग्राहक, शेतकरी आणि पाणी

या धोरणाचा लाभ नाकारता येत नाही. परकीय चलनाची बचत झाली आणि कारखान्यांकडे रोख पैसा आल्याने ऊसबिले चुकती होण्यास मदत झाली. तथापि ग्राहकाच्या दृष्टीने चित्र वेगळे आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार, जुन्या रचनेच्या चारचाकी गाड्यांची इंधन कार्यक्षमता वीस टक्के मिश्रणामुळे सहा ते सात टक्क्यांनी घटू शकते. म्हणून असे इंधन स्वस्त असावे, अशी शिफारसही त्याच अहवालात आहे. प्रत्यक्षात इथेनॉलची सरासरी खरेदी किंमत शुद्ध पेट्रोलच्या खर्चापेक्षा अधिक झाल्याचे पेट्रोलियम मंत्रालयानेच २०२५ मध्ये सांगितले. ब्राझीलमध्ये २००३ पासून दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाड्या आल्या आणि ग्राहक पंपावर दर पाहून निवड करू शकला. भारतात इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.

पाण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवण्यास सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे उपरोक्त अहवालच नमूद करतो. मराठवाड्यासारख्या वारंवार टंचाई अनुभवणाऱ्या प्रदेशात हा खर्च पेट्रोलच्या किमतीत कोठेही दिसत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, भारतात इथेनॉलचे चढउतार तेलाच्या दरापेक्षा उसाच्या उपलब्धतेशी अधिक निगडित राहिले आहेत. १९३८, २००१ आणि २०१८ या तिन्ही वेळी सुरुवात झाली ती मळीच्या वा साखरेच्या अतिरिक्त साठ्यातून. २००४ आणि २०२३ मध्ये माघार घ्यावी लागली ती उसाच्या तुटवड्यामुळे. दरवाढीने पर्यायाची मागणी निर्माण केली, पण पुरवठा मात्र पावसाने ठरवला. त्यामुळे ‘पेट्रोलला पर्याय’ म्हणून मांडले जाणारे धोरण वस्तुतः बऱ्याच अंशी साखर धोरण आहे, हे स्पष्टपणे मान्य करणे आवश्यक ठरते. तसे मान्य केल्यास वाहनधारक, ऊस उत्पादक आणि पाणीटंचाई सोसणारा ग्रामीण समाज यांपैकी कोण किती किंमत मोजतो, याची चर्चा अधिक प्रामाणिकपणे होऊ शकेल.