दुसरं मत : कागद कुणाचा, वेळ कुणाचा?

घरात कुणाला कॅन्सरचं निदान झालं की पहिला प्रश्न येतो पैशाचा. दुसरा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो, बहुतेक वेळा डॉक्टरांच्या खोलीबाहेर आल्यावर : ‘अजून कुणाला दाखवायचं का?’ आज आपल्याला या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास बघायचा आहे.

आणि तो बोदलकशासारख्या ठिकाणाहूनच बघायला हवा. तिरोडा तालुक्यातलं हे गाव लोकांना माहीत आहे ते तलावामुळे आणि भोवतालच्या जंगलामुळे. याच जंगलपट्ट्यात तेंदूपत्ता तोडला जातो, गोंदियाचं नाव विडीच्या धंद्याशी जोडलेलं आहे, आणि खर्रा तर आपल्याकडे पाहुण्यापुढेही धरला जातो. त्यामुळे तोंडातली न भरणारी जखम ही इथे परक्याची गोष्ट नाही.

वैद्यांनी एकमेकांशी चर्चा करावी हा विचार जुना आहे. चरकसंहितेत त्याला ‘तद्विद्यसंभाषा’ म्हटलंय, म्हणजे त्याच विद्येच्या जाणकाराशी बोलणं. त्याचे प्रकारही सांगितलेत : एक सलोख्याचं, दुसरं वादाचं. पण लक्षात घ्या, ही चर्चा वैद्यावैद्यांमधली आहे. दुसऱ्याला विचारा, असं रोग्याने म्हणायचं, हा भाग बराच नंतरचा.

१९३१ साली लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कॅन्सरने परदेशात उपचार घेत असताना गेल्या. म्हणजे त्या काळात ज्याच्याकडे पैसा, त्याने बोटीने विलायत गाठायची. बाकीच्यांसाठी पहिलंच मत शेवटचं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं, ८० खाटांचं. तिथल्या प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे होती. शस्त्रक्रिया करणाऱ्यांची नावं लोकांच्या तोंडी राहतात, पण आपल्या विषयात खानोलकरांचं शास्त्र जास्त महत्त्वाचं. कॅन्सर आहे की नाही, कोणत्या जातीचा आहे, हे सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर ठरतं. काचपट्टी दुसऱ्या गावी नेता येते, दुसऱ्या जाणकाराला दाखवता येते. दुसरं मत म्हणजे पहिल्या डॉक्टरवर अविश्वास असं आपण समजतो. खरं तर बहुतेकदा तीच काचपट्टी दुसऱ्या डोळ्यांनी पाहिली जाते, एवढंच.

पण त्यासाठी दोन गोष्टी हातात लागतात : वेळ आणि कागद.

आधी वेळेचं बघू. अमेरिकेत स्तनात गाठ आली की बाईला भूल देत, तुकडा तपासत, आणि कॅन्सर निघाला तर त्याच भुलीत स्तन काढून टाकत. झोपताना बाईला माहीत नसे की उठल्यावर काय असेल. १९७४ साली रोझ कुशनर या पत्रकार बाईने याला नकार दिला. आधी तपासणी करा, मला जागी होऊ द्या, मग मी ठरवीन. हे मान्य करणारा सर्जन मिळायलाच तिला वणवण करावी लागली. पाच वर्षांनी, १९७९ मध्ये, तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ परिषदेने निदान आणि शस्त्रक्रिया वेगवेगळ्या टप्प्यांत करण्याची शिफारस केली. दुसरं मत जन्माला येतं ते या दोन टप्प्यांच्या मधल्या जागेत. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका प्रकरणात हेच तत्त्व सांगितलं : तपासणीला दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती नव्हे. ते प्रकरण कॅन्सरचं नव्हतं, पण मुद्दा तोच.

आता कागद. फाइल कुणाची? १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की रुग्णाने किंवा नातेवाइकांनी मागितल्यावर गुप्ततेचं कारण पुढे करून कागद नाकारता येत नाहीत. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत मुदतच आली : मागणी झाल्यावर ७२ तासांत. आणि २०१८ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत दुसरं मत घेण्याचा हक्क नाव घेऊन नोंदला गेला.

हक्क कागदावर आला, अंतर मात्र जमिनीवर राहतं. गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबई म्हणजे जवळजवळ हजार किलोमीटर. त्यात मुक्काम, सोबतीचा माणूस, बुडालेली मजुरी. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचं प्रादेशिक कॅन्सर रुग्णालय उभं राहिलं, पुढे जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आलं, तेव्हा दुसरा डॉक्टर निम्म्याहून जवळ आला. २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड सुरू झालं, देशातली कॅन्सर केंद्रं एकमेकांना जोडली गेली. टाटा आणि ग्रिडच्या तज्ज्ञांचं मत आता ‘नव्या’ या सेवेतून कागद ऑनलाइन पाठवूनही घेता येतं. बोटीपासून मोबाइलपर्यंत, असा हा प्रवास.

एक सावधगिरी सांगतो. दुसरं मत आणि टाळाटाळ यांत फरक आहे. या डॉक्टरकडून त्या वैद्याकडे, तिथून भगताकडे, ‘कॅन्सर नाही’ असं म्हणणारा भेटेपर्यंत फिरायचं, याला दुसरं मत म्हणत नाहीत. तोपर्यंत गाठ वाढत असते. दुसरं मत कॅन्सरच्याच जाणकाराचं हवं, तेही लवकर. पहिल्या डॉक्टरांना सरळ विचारावं, ‘साहेब, उपचार किती दिवसांत सुरू व्हायला हवेत?’ तेवढीच मुदत आपली. त्या मुदतीत बायोप्सीचा अहवाल, काचपट्ट्या, मेणाचा ब्लॉक आणि स्कॅन मागून घ्यायचे. दोन मतं जुळली तर मन निश्चिंत होऊन उपचाराला बसता येतं. नाही जुळली, तर का नाही जुळली, हे दोघांनाही विचारायचं.

कुणी म्हणेल, डॉक्टरला राग येईल. येऊ शकतो. पण चरकाच्या काळी वैद्याने वैद्याला विचारणं ही विद्या मानली गेली. आज तीच गोष्ट रोग्याने केली तर तो अपमान कसा? गावातला माणूस बैल घेतानासुद्धा दोघातिघांना विचारतो. जीव तर त्याहून मोठा.