ग्रीन कार्ड, रोजगाराधारित

ग्रीन कार्ड, रोजगाराधारित : अमेरिकेत तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर, बहुधा एच-१बीवर, राहणाऱ्या परदेशी कर्मचाऱ्याला कायम वास्तव्याचा हक्क मिळण्याची प्रक्रिया. तिचे तीन टप्पे आहेत : श्रम खात्याचे प्रमाणपत्र (बोलण्यात ‘पर्म’), स्थलांतराचा अर्ज (आय-१४०) आणि दर्जाबदलाचा अर्ज (आय-४८५). पहिले दोन अर्ज कंपनीचे असतात, कर्मचारी त्यांत केवळ लाभार्थी असतो. तिसरा तेवढा त्याचा स्वतःचा. ‘माझं ग्रीन कार्ड फाइल झालं’ असे म्हणणाऱ्याचे बहुतेक वेळा कंपनीने फाइल केलेले असते, आणि कंपनी ते मागेही घेऊ शकते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः भारतात जन्मलेल्या अर्जदारांचा विचार केला आहे, कारण रांग प्रामुख्याने त्यांची आहे.

पूर्वपीठिका : १९१७ च्या कायद्याने भारतीयांचे स्थलांतर जवळजवळ बंद झाले. १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने वर्षाला १०० जणांचा कोटा दिला. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी हार्ट-सेलर कायद्यावर सही केली आणि वंश-राष्ट्रावर बेतलेली कोटापद्धत गेली. त्यानंतर गेलेल्या डॉक्टर-इंजिनिअरांपैकी अनेकजण कायम वास्तव्याचा व्हिसा हातात घेऊनच विमानात बसले. खिशात आठ डॉलर घेऊन गेल्याच्या आठवणी या पिढीच्या. त्यांनी हाल सोसले, पण तात्पुरत्या परवान्यावरची दोन-दोन दशके त्यांच्या वाट्याला आली नाहीत.

आजची चौकट १९९० च्या कायद्याची आहे. या कायद्याने एच-१बी व्हिसा सध्याच्या रूपात आणला व त्याला वार्षिक ६५,००० ची मर्यादा घातली. अमेरिकी विद्यापीठांतील पदव्युत्तरांसाठी आणखी २०,००० ची सोय २००४ च्या कायद्याने झाली. त्याच १९९० च्या कायद्याने रोजगाराधारित ग्रीन कार्डे वर्षाला १,४०,००० ठरवली, जोडीदार व मुले त्यातच धरून. एच-१बीला देशनिहाय मर्यादा नाही. ग्रीन कार्डाला आहे : कोणत्याही एका देशाला सात टक्के. अलीकडच्या वर्षांत मंजूर एच-१बी अर्जांपैकी सुमारे ७० टक्के भारतीयांचे असतात. आजच्या रांगेची सारी मुळे एकाच कायद्यातील या दोन तरतुदींच्या विसंगतीत आहेत. ती करणाऱ्यांना १९९० मध्ये तिचा अंदाज नसावा.

जन्मदेशाचा नियम : देश धरला जातो तो जन्माचा, नागरिकत्व कोणते हे पाहिले जात नाही. पोर्तुगीज पासपोर्ट काढलेला म्हापशाचा किंवा मडगावचा तरुण या हिशेबात भारतीयच राहतो. उलट, वडील मस्कतला नोकरीस असताना तिथे जन्मलेला आणि पुढे पुण्यात शिकलेला मराठी इंजिनिअर ओमानच्या खात्यात जातो व भारतीय रांगेत उभाच राहत नाही. जोडीदाराच्या जन्मदेशाचाही लाभ घेता येतो. आईवडिलांचा जन्म इथे कामाला येत नाही, मोजके अपवाद सोडून.

पर्म : ही पद्धत २८ मार्च २००५ पासून लागू आहे. त्या जागेसाठी पात्र व तयार अमेरिकी कामगार मिळत नाही, हे कंपनीने बाजारात चाचपून दाखवायचे असते. आधी श्रम खाते त्या कामाचा प्रचलित पगार ठरवून देते. मग दोन वेगवेगळ्या रविवारी वृत्तपत्रात जाहिरात, राज्याच्या रोजगार यंत्रणेकडे तीस दिवस जागेची नोंद, आणि पदवीच्या नोकऱ्यांसाठी आणखी तीन मार्गांनी भरतीचा प्रयत्न. कार्यालयातही दहा कामकाजाचे दिवस सूचना लावावी लागते. बहुधा कॉफी यंत्राजवळच्या फलकावर तो कागद दिसतो : पद, कामाचे स्वरूप, पगार. नाव नसते; कोणाच्या खुर्चीची जाहिरात आहे हे विभागात सर्वांना ठाऊक असते, पगारही त्या दिवशी ठाऊक होतो. एरवी संकेतस्थळावर भरती करणाऱ्या कंपन्या या जागांचे अर्ज टपालाने मागवतात, अशी तक्रार झाली. अमेरिकी न्याय खात्याशी फेसबुकने २०२१ मध्ये एक कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरपर्यंत आणि अ‍ॅपलने २०२३ मध्ये अडीच कोटी डॉलरपर्यंतची तडजोड केली, ती याच प्रकरणांत. पर्मचा वकिलीसह खर्च कंपनीनेच करायचा, असा नियम जुलै २००७ पासून आहे.

पर्मचा अर्ज ज्या दिवशी दाखल होतो ती ‘प्रायॉरिटी डेट’. पुढे कंपनी बदलली आणि पर्म नव्याने करावे लागले, तरी मंजूर आय-१४० वरची जुनी तारीख सोबत नेता येते. रांगेतल्या भारतीयाची खरी मिळकत ही तारीख असते.

वर्ग व पदवीचा प्रश्न : दुसऱ्या वर्गासाठी (ईबी-२) पदव्युत्तर पदवी, किंवा पदवी व त्यानंतर पाच वर्षांचा चढता अनुभव लागतो, तिसऱ्यासाठी (ईबी-३) पदवी किंवा दोन वर्षांचे कौशल्य. भारतातली तीन वर्षांची बी.एस्सी. अमेरिकेच्या चार वर्षांच्या पदवीशी तुल्य नाही, असा निर्णय १९७७ मध्ये ‘मॅटर ऑफ शाह’ या प्रकरणात झाला आणि त्याची सावली आजही अर्जांवर आहे. बी.एस्सी.वर थांबून नोकरीत वर आलेल्यांना, अनुभव कितीही असो, दुसरा वर्ग सहसा मिळत नाही. अनुभवाची पत्रे जुन्या कंपनीच्या लेटरहेडवर, कामाच्या तपशिलासह लागतात. भोसरीची किंवा अंधेरीची ती कंपनी बंद पडली असेल तर तेव्हाच्या सहकाऱ्याचे प्रतिज्ञापत्र जोडतात.

जन्मदाखला : मराठी अर्जदारांची सर्वाधिक धावपळ आय-४८५ सोबत लागणाऱ्या या एका कागदापायी होते, म्हणून येथे थोडा विस्तार. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा. तो महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांत १ एप्रिल १९७० पासून अमलात आला. नोंद जन्मानंतर लगेच होते, नाव बारशाला ठरते. ते नंतर दप्तरात घालायला कोणी जात नाही. परिणामी दाखल्यावर ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ एवढेच असते, नावाची जागा कोरी. पहिले बाळंतपण माहेरी होण्याच्या रिवाजामुळे नोंद आजोळच्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत सापडते, तर पासपोर्टावर जन्मस्थान म्हणून वडिलांचे गाव लिहिलेले असते. तिसरा घोटाळा तारखेचा. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहून घेतलेल्यांची संख्या महाराष्ट्रात मोठी आहे. दहावीचे प्रमाणपत्र व पासपोर्ट त्या तारखेवर, दाखला खऱ्या तारखेवर. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे नाव, सासरचे नाव आणि मधले वडिलांचे की पतीचे नाव, ही भर.

नोंदच नसेल तर स्थानिक निबंधकाकडून अनुपलब्धतेचा दाखला घ्यावा लागतो आणि त्याला जोड म्हणून शाळा सोडल्याचा दाखला व जन्माची माहिती असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रे. बहुधा आईवडील, नाहीतर मामा. खेड्यात निबंधक म्हणजे ग्रामसेवक. ‘अशी नोंद आढळून येत नाही’ हे एक वाक्य जुन्या वह्या चाळून, शिक्क्यासह लिहून देणे त्यांना जिवावर येते, कारण दप्तर अपुरे असल्याची ती कबुली असते. हे कागद तारीख ‘करंट’ होण्याआधी, म्हणजे रांगेत आपली पाळी येण्याआधी, जमवून ठेवावेत, असा वकिलांचा सल्ला असतो. बहुतेकांची शोधाशोध तारीख आल्यावरच सुरू होते.

व्हिसा बुलेटिन : परराष्ट्र खाते दर महिन्याला कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जदारांना कार्ड देता येईल हे जाहीर करते. ऑक्टोबर २०१५ पासून दोन तक्ते असतात, एक अंतिम निर्णयाचा व दुसरा अर्ज दाखल करण्याचा. तारीख पुढे सरकते, थांबते, मागेही जाते. एप्रिल २०१२ मध्ये भारताची ईबी-२ तारीख १ मे २०१० पर्यंत आली होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ती १ सप्टेंबर २००४ वर होती. २०२५ संपताना ईबी-२ व ईबी-३ दोन्ही २०१३ मध्येच होत्या. ऑक्टोबर २०२० मध्ये तिसरा वर्ग दुसऱ्याच्या पुढे गेला, तेव्हा हजारो पदव्युत्तरांनी स्वतःला खालच्या वर्गात घालून घेतले.

जुलै २००७ चे प्रकरण विशेष उल्लेखनीय. त्या महिन्याच्या बुलेटिनात कुशल-अकुशलांतला एक पोटवर्ग सोडून रोजगाराचे सर्व वर्ग एकदम खुले जाहीर झाले. लोकांनी सुट्ट्या टाकल्या, वैद्यकीय तपासण्या व लसी करून घेतल्या, भारतात गेलेले जोडीदार तातडीने परत बोलावले. २ जुलैला, अर्ज पोचण्याच्या पहिल्याच कामकाजाच्या दिवशी, वर्षाची सर्व कार्डे संपल्याचे जाहीर करून दार बंद झाले. आदल्याच वर्षी ‘लगे रहो मुन्नाभाई’ हा चित्रपट येऊन गेला होता. त्यातल्या गांधीगिरीचे अनुकरण करत अर्जदारांनी स्थलांतर सेवेचे संचालक एमिलिओ गोन्झालेस यांच्या कार्यालयात शेकड्यांनी पुष्पगुच्छ पाठवले. ते त्यांनी वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयाकडे धाडले. १७ जुलैला निर्णय फिरवण्यात आला व १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेतले गेले. फुलांमुळे निर्णय फिरला की कोर्टात जाण्याच्या इशाऱ्यांमुळे, याबद्दल मतभेद आहेत. या खिडकीत अर्ज घुसवलेल्यांना कामाचे स्वतंत्र परवाने मिळाले, कार्ड मिळायला मात्र अनेकांना पुढे कित्येक वर्षे लागली. लग्न न झाल्याने त्या महिन्यात अर्ज न करणारेही होते : कार्ड आधी आणि लग्न नंतर झाले, तर बायकोची रांग वेगळी.

केटो इन्स्टिट्यूटच्या २०२३ च्या अंदाजानुसार रोजगाराधारित रांग सुमारे १८ लाखांची असून त्यात भारतीय सुमारे ११ लाख आहेत. नव्याने उभ्या राहणाऱ्या भारतीयाची प्रतीक्षा १३४ वर्षांची. चार लाखांहून अधिक अर्जदार तोवर हयात नसतील, असेही त्यात म्हटले आहे.

मुदतवाढ : एच-१बीची कमाल मुदत सहा वर्षे. क्लिंटन यांच्या कारकिर्दीतील २००० च्या कायद्याने आय-१४० मंजूर असलेल्या व रांगेत अडकलेल्याला तीन-तीन वर्षांची वाढ मिळू लागली. त्याच कायद्याने आय-४८५ दाखल होऊन १८० दिवस झाल्यावर तशाच कामाच्या दुसऱ्या नोकरीत जाण्याची मुभा दिली. नोकरी गेल्यास नवी शोधायला ६० दिवस मिळतात, तेही जानेवारी २०१७ पासून. घर, गाडी आणि मुलांची शाळा या साठ दिवसांवर टांगलेली असते, हे २०२२-२३ च्या नोकरकपातीत दिसून आले. सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने देशाबाहेरील व्यक्तींसाठीच्या नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचा आकार बसवला.

जोडीदार व मुले : एच-४ या आश्रितांच्या व्हिसावरील जोडीदाराला, मुख्य अर्जदाराचा आय-१४० मंजूर असल्यास, २६ मे २०१५ पासून कामाचा परवाना मिळतो. त्याचा लाभ घेणाऱ्यांत बहुसंख्य भारतीय स्त्रिया आहेत. त्याआधी गेलेल्या इंजिनिअर, डॉक्टर, सी.ए. झालेल्या स्त्रिया वर्षानुवर्षे घरी बसल्या. त्यांची मोजदाद कोणत्याही अहवालाने नीट केलेली नाही, ही या विषयावरील साहित्यातील मोठी उणीव मानावी लागेल. मूल २१ वर्षांचे झाले की आश्रित राहत नाही. २००२ च्या बालदर्जा संरक्षण कायद्याने वयातून काही काळ वजा होतो. कोणता तक्ता धरायचा याचा नियम २०२३ मध्ये मुलांच्या बाजूने सैल झाला व ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा आवळला. दोन वर्षांची असताना नेलेली मुले एकविसाव्या वर्षी परदेशी विद्यार्थी ठरतात.

सुधारणेचे प्रयत्न : देशनिहाय मर्यादा काढण्याचे विधेयक १० जुलै २०१९ रोजी प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत झाले. सिनेटने २ डिसेंबर २०२० रोजी वेगळा मसुदा संमत केला. दोहोंचा मेळ बसला नाही व विधेयक बुडाले. साथीच्या काळात कौटुंबिक वर्गातील न वापरलेली कार्डे रोजगाराकडे आल्याने २०२१ च्या आर्थिक वर्षात सुमारे २,६२,००० उपलब्ध होती. त्यांपैकी ६०,००० हून अधिक वेळेत न दिल्याने वाया गेली.

स्थानिक वेतनांवरील परिणाम : वादग्रस्त.

इतर मार्ग : असामान्य गुणवत्ता व बहुराष्ट्रीय कंपन्यांतील व्यवस्थापक (ईबी-१), राष्ट्रीय हिताच्या सबबीवर पर्ममधून सूट, निकष ‘मॅटर ऑफ धनसार’ (२०१६) प्रमाणे. सुटीने पर्म टळते, रांग टळत नाही.

इतर देश : कॅनडात १९६७ पासून गुणपद्धत, जानेवारी २०१५ पासून एक्स्प्रेस एंट्री, जन्मदेशाची मर्यादा नाही.

पुढील दर्जा : कार्डाची मुदत दहा वर्षे असते व त्याचे नूतनीकरण होते. साधारण पाच वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. ते घेतल्यावर भारतीय नागरिकत्व संपते, पासपोर्ट जमा करावा लागतो व ओसीआय कार्ड काढता येते. ओसीआय कार्डधारकाला मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने सातबाऱ्यावर नाव लागू शकते.